दुपारचं ताट सांभाळणाऱ्या काकूंना

लोकमान्य नगर, इंदूर

तीर्थस्वरूप काकू,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का रे?" विचारता आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात निघून जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. इथे टिळक नगरात, सुदामा नगरात आपल्या ओळखीची कितीतरी मराठी घरं अशी आहेत की नवरा-बायको दोघंही नोकरीला, पोर दुपारी शाळेतून येतं आणि दोन ते सहा या वेळात त्याच्या पोटात काय जातं त्यावर कुणाचाच वचक नसतो. आमच्याकडे तो वचक तुम्ही बसवलात, आणि एकदाही आवाज न चढवता.

सुरुवात झाली ती डॉक्टरांनी आमच्या लेकीच्या, छकुलीच्या मानेवरचा काळपट, मखमलीसारखा पट्टा दाखवला तिथून. तिची आजी तो मळ समजून दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय लावत होती. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल, तर वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये असं बऱ्याचदा दिसतं. मग त्यांनी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2015चा वाढीचा तक्ता काढला आणि तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, त्यावर मांडून दाखवला. मुलांचा बीएमआय मोठ्यांसारखा नुसत्या आकड्यावर जोखत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी हे धरून बघतात. ते पुढे जे बोलले त्याने जरा हायसं वाटलं. किलो उतरवायच्या मागे लागू नका, वजन आहे तिथे थोपवा, उंची आपली वाढतेच आहे. साखर, मैदा, पांढरा भात कमी. डाळी, भाज्या, दही, अंडी, पनीर जास्त.

आता हे "कमी कर्बोदकं" प्रकरण घरात शिरलं की त्याला किती वाटा फुटतात ते तुम्ही पाहिलंतच. माझ्या चुलतभावाने किटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद आणि तूप-लोणी भरपूर असा आहार, करून पोट उतरवलेलं, त्यामुळे तो छकुलीसाठी तक्ताच घेऊन आला: पोळी बंद, फळं बंद, सगळ्यावर लोणी. डॉक्टरांनी तो घडी घालून मला परत दिला. किटो आहार मुलांना देतात, पण तो औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी, 1920च्या दशकापासून, आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. वजनासाठी वाढत्या पोरीला घरच्या घरी नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी चुलतभावाला चहा दिलात, सोबत खारे दाणे दिलेत आणि म्हणालात, "तुझं पोट तू सांभाळ, हिचं मी बघते."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024ची मार्गदर्शक तत्त्वं मी तुम्हाला वाचून दाखवली होती, आठवतंय? दिवसभरातल्या उष्मांकांपैकी धान्यांमधून 45 टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे ते 50 ते 70 टक्क्यांपर्यंत जातं. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे तीन पोळ्यांच्या दीड करायच्या आणि उसळ वाटीऐवजी वाडगाभर. एवढ्यासाठी हैदराबादपर्यंत कशाला जायचं?" मला आजही वाटतं, त्या सबंध पुस्तकाचं आमच्या घरापुरतं सार तेवढंच आहे.

पण सार निराळं आणि शाळेतून भुकेने कळवळून आलेली पोर निराळी. पूर्वी ती आली की दोन मिनिटांच्या नूडल्स, नाहीतर बिस्किटांचा पुडा आणि टीव्ही. तुम्ही तिला दारातच ताकाचा पेला देता. मग ताट. त्यात आधी काकडी-गाजराची कोशिंबीर आणि मुगाची किंवा मटकीची उसळ. ते संपलं की गरम धिरडं, नाहीतर पोळी. भात मागितला तर मिळतो, पण शेवटी, आणि तोवर पोटात जागाच फारशी उरलेली नसते. तुमच्या घरात अंडं शिजत नाही, ते आमच्याकडे सकाळी होतं; त्याची भरपाई तुम्ही फुटाणे, दाणे, पनीर यांनी केलीत. अंड्यावरून तुम्ही आम्हाला कधी एक शब्दही ऐकवला नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो.

आणि तो कीस! आपल्या इंदूरच्या माणसाला भुट्ट्याचा कीस सोडायला सांगणं म्हणजे त्याला गाव सोडायला सांगणं. मका शेवटी पिष्टमयच, त्यात पोर वाडगंभर खाणार. तुम्ही दोन कणसं किसलीत आणि त्यावर तेवढाच कोवळा दुधी. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, कीस परतून कच्चट वास गेल्यावर थोडंसं दूध, मंद आचेवर झाकण. उतरवताना लिंबू, खोबरं, कोथिंबीर. मी त्या दिवशी लवकर आलो होतो, म्हणून हे सगळं ओट्याशी उभं राहून पाहिलं. छकुलीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "काकू, ह्यात दुधी आहे." मला वाटलं, आता तुम्ही "नाही गं" म्हणाल. तुम्ही सरळ म्हणालात, "आहे. अर्धा दुधी. आवडला नाही तर उद्या कमी घालू." तिने वाडगं संपवलं. मुलांच्या ताटात भाज्या लपवून घालायच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तुमची ही रीत जास्त पटते. पोरीला ताटात काय आहे ते माहीत असतं, म्हणून ती ताटावर विश्वास ठेवते.

आणखी एक गोष्ट तुम्हीच हेरलीत. ती सकाळ-संध्याकाळ पोहे मागायची, त्यात तिला खरी ओढ पोह्यांची नव्हतीच, वरून भुरभुरायच्या आपल्या इंदुरी मसाल्याची, जिरावणाची होती. मग तुम्ही जिरावणाची बरणी पोह्यांपासून सोडवलीत. ते ताकात पडायला लागलं, काकडीवर, उकडलेल्या हरभऱ्यांवर, ठेल्यावरच्या जामांवर, म्हणजे पेरूंवर. पोहे आजही होतात, फक्त मूठभर पोह्यांना दोन मुठी मटार आणि दाणे. शेव वरून चिमूटभर, पुडा कधीच ताटाशी नाही. संकष्टीला साबुदाणा गेला आणि थोडी भगर व दाण्याची आमटी आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि आपल्या इंदुरात तर त्याची खिचडी खायला उपासही लागत नाही, रात्री सराफ्यातल्या खाऊच्या बाजारात गेलं की झालं.

साखरेचा धडाही तुमच्याच ओट्यावर झाला. 2025मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, तसा एक तिच्या शाळेत लागला. ती तुम्हाला विचारायला आली की बाटलीत खरंच इतकी साखर असते का. "मला काय माहीत, मोजू या," म्हणून तुम्ही कोल्ड्रिंकची बाटली आणायला लावलीत. लेबल तिने वाचलं, गुणाकार तिने केला. पाव लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर! तुम्ही ताटलीत एकेक चमचा टाकत गेलात, पाच सपाट चमचे आणि वर थोडी. तिने ढिगाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. तुम्ही काही न बोलता साखर डब्यात ओतलीत आणि बाटली मोरीत. व्याख्यान नाही, "बघ, मी म्हटलं होतं ना" नाही. मी असतो तर दिलंच असतं.

रविवारची पोहे-जलेबी तुम्ही राखलीत, तेही बरं केलंत. हिची आई ती बंदच करायला निघाली होती. तुम्ही म्हणालात, "इंदुरात राहून जलेबी बंद? मग बदली मागून घ्या." आता छप्पन दुकानावर जातो, ती एक जलेबी घेते, चवीने खाते, दुसरीकडे बघतही नाही असं म्हणणार नाही, बघते, पण मागत नाही. वाढदिवसाला केकही खाते. डॉक्टरांचंही म्हणणं तेच पडलं, रोजचं ताट सुधारा, सणाच्या ताटाशी भांडू नका.

या सगळ्यापेक्षा मोठा उपकार गणपतीतला. आरतीनंतर नातेवाइकांपैकी कुणीतरी नेहमीचं सुरू केलं, "खात्यापित्या घरची दिसते हो," आणि मोदकाचं ताट तिच्यासमोरून बाजूला सरकवलं. तिचा हात तसाच पुढे राहिला. तुम्ही उठलात, ताट परत तिच्यापुढे ठेवलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिच्या वजनाचा विषय डॉक्टरांचा आहे. इथे प्रसाद चाललाय." खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. तिने एक मोदक उचलला. त्या रात्री तिने आईला विचारलं, काकूंना राग आला होता का? आई म्हणाली, हो, पण तुझा नाही.

संध्याकाळी तिला घेऊन भाजीला पायी जाणं, नंतर अंगणात लंगडी, रात्री साडेनवाला मोबाइल काढून घेणं, ही कामं आमची होती. ती आम्ही जमतील तशी केली, अजूनही करतो.

परवा तिच्या शाळेच्या स्कर्टची तळाची दुमड उसवून तुम्ही लांबी वाढवून दिलीत. कमरेचा हूक मात्र हलवावा लागला नाही. वजनकाट्यावर काटा थोडा वर गेलाय, उंची बरीच वर गेलीये, आणि डॉक्टरांच्या तक्त्यावर तिचा ठिपका हळूहळू खालच्या रेषेकडे यायला लागलाय. मानेचा पट्टाही फिका पडतोय. अजून बरीच मजल बाकी आहे, तपासण्या चालूच राहतील, ते सगळं ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात तुम्ही लेकीकडे पुण्याला निघालात. छकुलीने दुपारच्या ताटांची यादी करून फ्रिजवर लावलीये, सोमवारी मटकी, मंगळवारी धिरडी, बुधवारी कीस. मोड आणायला कडधान्य कधी भिजवायचं तेही तिला येतं, फोडणी मी घालणार आहे. फक्त तुमची ती जाड छिद्रांची किसणी आमच्याकडे ठेवून जा, आमचीवर दुधीचं पाणी होतं.

आपला,
समोरच्या घरातला, छकुलीचा बाबा