मोजत विण

प्रिय वासंती,

क्रोशा शिकायला घेते आहेस तर घरात पडलेली कुठलीही लोकर उचलू नकोस. गुळगुळीत, फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर घे आणि टोकाला आकडा असलेली ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही, मग चूक कुठे झाली ते कळणार कसं?

सरकती गाठ सुईवर घे, धागा आकड्यात धरून गाठीतून ओढ. झाली एक साखळी. अशा १६ घाल. सुईवरचा फास त्यांत मोजायचा नाही. सुरुवातीला साखळी हमखास आवळते. नीट बघ, आकड्याजवळ सुई बारीक असते आणि त्यामागे सरळ दांडा. फास त्या बारीक भागावरच आवळला गेला की पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. म्हणून प्रत्येक फास दांड्यावर येऊ दे. तरीही आवळलं तर साखळीपुरती ५.५ची सुई वापर.

आता सिंगल क्रोशे. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून धागा ओढून आण, सुईवर दोन फास होतील. पुन्हा धागा घे आणि दोन्हींतून एकदम काढ. ओळीअखेर १५ टाके भरले पाहिजेत. एक साखळी घाल, वीण फिरव आणि पहिल्याच टाक्यात सुरू कर. टाक्याच्या माथ्यावर ‘व्ही’ दिसतो, त्याच्या दोन्ही पायांखालून सुई घाल. कधी दोन, कधी एक असं झालं तर वीण एकसारखी दिसत नाही.

हात बसला की खांब, म्हणजे सिंगलपेक्षा उंच टाका. १७ साखळ्या घाल. सुईवर आधी धागा घे, मग सुईपासून चौथ्या साखळीतून धागा आण. तीन फास झाले, ते दर वेळी धागा घेऊन दोन-दोन करून सोडव. सुरुवातीला न विणता सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, म्हणजे इथेही १५च. ओळ फिरवल्यावर तीन साखळ्या घाल आणि पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घे. शेवटचा खांब आधीच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर. रुमाल निमुळता होतो तो बहुतेक हा शेवटचा खांब राहून गेल्यामुळेच! दर ओळीला मोज गं, कंटाळा करू नकोस. चौदा भरले तर लगेच उसव.

आणखी एक. अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे ब्रिटिश नमुन्यात डबल म्हणून लिहितात, तेव्हा नमुना कुठला ते आधी बघ.

शेवटी १५ सेंटीमीटर धागा राखून काप, फासातून ओढून घे आणि दाभणाने टाक्यांतून उलटसुलट ओवून लपव. नुसती गाठ मारून कापलास तर धुताना सुटेल. पहिला चौकोन झाला की फोटो पाठव, कडा दिसतील असा.

तुझी,
शमा