अफरवटवर "आज नको" म्हणणाऱ्या ट्रेनरची दिहाडी (दिवसाची कमाई) कोण भरून देणार?

मा. केंद्रीय पर्यटन मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची, वय ४१, वीसेक वर्षं सह्याद्रीत भटकतेय आणि गेले तीन हिवाळे गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातेय, हौसेला मोल नसतं म्हणतात तसं. तुम्हालाच लिहितेय कारण गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग तुमच्याच मंत्रालयाची आहे.

बेसिकबद्दल माझी काही तक्रार नाही. खालच्या सौम्य उतारावर स्नोप्लाऊ (स्कीची टोकं जुळवून वेग रोखणं), पडणं, उठणं, परत पडणं, हे तिथली पोरं फार मायेनं शिकवतात. गडबड त्याच्या पुढे आहे. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, गोंडोलाचा (दोरावरच्या पाळण्याचा) पहिला टप्पा कोंगडोरीला म्हणजे ३१०० च्या आसपास सोडतो आणि दुसरा टप्पा थेट अफरवट डोंगरावर, ३९०० च्याही वर. तिकीट काढलं की कुणीही वर. पर्यटकांनी वर जाऊन फोटो काढावेत, काही म्हणणं नाही, पण पायात स्की असेल तर वरचा बहुतेक उतार मशीननं दाबलेला नसतो, बर्फ कुठे गुडघाभर तर कुठे काचेसारखा कडक, आणि खाली यायचं स्वतःच्या पायांवर.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षी पाचव्या दिवशी खाली पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) जमायला लागले आणि मला शिंगं फुटली. ट्रेनरला म्हटलं उद्या फ्लाइट आहे, आज वर जायचंच. त्यानं आभाळाकडे बघितलं, म्हणाला, "मॅडम, आज लाइट ठीक नहीं है." ढग दाटले की बर्फावर सावलीच पडत नाही, खड्डा कुठे उंचवटा कुठे काही म्हणजे काही कळत नाही. मी म्हटलं तुम्ही नाही तर दुसरा कुणी नेईल. तो आला. वर माझे पाय लटपटले, घाबरल्यावर सगळे करतात तेच मी केलं, डोंगराच्या बाजूला झुकले, आणि तिथेच फसतं माणूस, कारण वजन खालच्या स्कीवरून गेलं की स्कीची कड बर्फात रुततच नाही. घसरले, एक स्की सुटून खाली गेली. दीड तास आडवं घसरत घसरत उतरवलं त्यानं मला. गुडघा सुजला, बाकी नशीब. नंतर चहा पिताना तो हळूच म्हणाला, "मना करता तो आज की दिहाड़ी जाती."

चूक माझीच होती. पण साहेब, त्या पोराचा सगळा सीझन डिसेंबर-शेवट ते मार्च, त्यात तो रोज गिऱ्हाइकाला नाही म्हणेल कसा?

सह्याद्रीत लीडर म्हणाला मागे फिरा की फिरायचं, कडा उद्याही तिथेच असतो. गुलमर्गला मात्र शिकणारा ठरवतो कुठे जायचं ते, आणि शिकवणारा मागनं जातो. खरं तर अवघड उतारावरच्या धड्याचं गणित सोपं आहे. नवीन गोष्ट शिकवायची तर ओळखीच्या उतारावर, नवीन उतारावर न्यायचं तर फक्त पक्की बसलेली गोष्ट करायला. दोन्ही नवीन एकाच दिवशी नको. दोन्ही बाजूंनी साइड स्लिप (स्की आडव्या ठेवून हळूहळू खाली घसरणं), सांगितलं तिथे थांबणं, किक टर्न (उभ्या जागी एकेक स्की उचलून तोंड फिरवणं), हे सगळं आधी अशा छोट्या तीव्र तुकड्यावर की ज्याच्या खाली सपाटी आहे, म्हणजे पडलं तरी माणूस आपोआप थांबतो. उतार आधी खालून नीट बघून घ्यायचा. आणि दुपारी मांड्या भरून आल्यावर "एक लास्ट रन" तर अजिबात नाही, बरेच गुडघे त्यातच जातात.

हिमस्खलनाचं वेगळंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीयर हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. ते शिकाऊ नव्हते, मान्य. पण ३० ते ४५ अंशांचा उतार म्हणजे हिमस्खलनाचा लाडका उतार, आणि थोडं जमायला लागलेल्याला नेमका तोच खुणावतो. बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबत असून भागत नाही, गाडलेल्या माणसाकडे पंधराएक मिनिटं असतात, तेवढ्यात शोधून खणायचा सराव ट्रेनरचाच नाही तर शिकणाऱ्याचाही हवा, कारण ट्रेनरच गाडला गेला तर?

मागणी फार मोठी नाहीये. कोंगडोरीच्या वरच्या धड्याचे पैसे दिवसाचे धरा, टोक गाठण्याचे नाही, आणि ते आधीच जमा करून घ्या. ट्रेनर म्हणाला आज खालीच थांबू, तरी त्याला पूर्ण मिळाले पाहिजेत. तुमच्या इन्स्टिट्यूटनं एक साधं कार्ड काढावं, साइड स्लिप, थांबणं, किक टर्न, बीकन शोधणं, चारही जमतं अशी ट्रेनरची सही असेल तरच स्की घेऊन दुसऱ्या टप्प्यावर धडा. जम्मू-काश्मीर प्रशासनाशी बोलावं लागेल, ते तुम्ही बोला. आणि सकाळचा हिमस्खलनाचा इशारा तिकीट खिडकीवरच, मोठ्या अक्षरात, हिंदी-उर्दूत पण लावा, इंग्रजीतला कागद रांगेत कोण वाचतंय.

आपली,
पुण्याची एक हौशी स्कीयर

ता.क. जानेवारीत परत जातेय, त्याच ट्रेनरकडे. या वेळी दिवसाचे पैसे पहिल्याच सकाळी त्याच्या हातात ठेवणार आहे.