प्रकाशही ‘पडतो’

मा. संपादक,

‘प्रकाशाला वस्तुमान नाही, म्हणून त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नाही,’ असं नातीच्या शिकवणीच्या वहीत लिहून दिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. पूर्वार्ध बरोबर आहे. प्रकाशकणाला स्थिर वस्तुमान नसतं. उत्तरार्ध मात्र साफ चूक.

२९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर होते, दुसरं पथक ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. सूर्य तेव्हा वृषभ राशीत, रोहिणीजवळच्या दाट तारकागुच्छासमोर होता. काळवंडलेल्या सूर्याभोवतीचे तारे मूळ जागेपासून किंचित सरकलेले दिसले. प्रकाशाला साध्या कणासारखं मानून न्यूटनच्या नियमानं काढलेलं, सूर्याच्या कडेजवळचं वळण सुमारे ०.८७ विकला येतं. आइन्स्टाइननं दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला सांगितलं होतं. निरीक्षणं आइन्स्टाइनच्या बाजूनं गेली. (अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला. त्या काळच्या काचेच्या फोटोपट्ट्यांवर इतकं बारीक मोजायचं, हे मला आजही थक्क करतं.)

वस्तुमान नसताना हे कसं? जड-हलके दगड सारखेच पडतात, हे आपण शाळेतच शिकवतो. पडण्याची वाट वस्तूच्या वस्तुमानावर ठरत नाही. सूर्याभोवती अवकाश-काळच वक्र असतो आणि प्रकाश त्यातल्या सर्वांत सरळ वाटेनं जातो.

वर्गात मुलं हा प्रश्न विचारतातच. कृपया त्यांना अर्धं उत्तर देऊन गप्प बसवू नका.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा