पाईप माझे, जमीन काकांची

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला क्षारपड, म्हणजे जादा पाण्याने मीठ फुटून नापीक झालेल्या जमिनीवरचा लेख वाचला. अभ्यास दांडगा आहे, वादच नाही. पाणी मोजून द्या, ठिबक करा, सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा टाका (म्हणजे जमिनीखाली भोकांचे पाईप पुरून साचलेलं खारं पाणी बाहेर काढा), सगळं बरोबर. पैसे कुणी घालायचे यावर मात्र एकच ओळ, की शेतकऱ्याने याकडे गुंतवणूक म्हणून बघावं. साहेब, कुठल्या शेतकऱ्याने? सातबाऱ्यावर नाव असलेल्या, का चिखलात उभं राहिलेल्या? आमच्या वाळवा तालुक्यात ही दोन माणसं बऱ्याचदा वेगळी असतात, एक पुण्यात आणि एक रानात.

माझंच सांगतो. भावकीतल्या काकांचं दोन एकर मी खंडाने, म्हणजे भाड्याने करत होतो. रान नुसतं मीठ फुटलेलं, उन्हाळ्यात चपलेखाली पापडासारखं वाजायचं, एकरी पंधरा टन ऊस निघाला तर देव पावला, म्हणूनच तर ते मला मिळालं. काकांना फोन केला, पाईप घालू का? म्हणाले, "घाल की, मी कुठं नको म्हणतोय." निम्मे पैसे द्या म्हटल्यावर त्यांची रेंज गेली.

कर्जासाठी सोसायटीत गेलो तर सातबारा आणा. अनुदानाचं विचारलं तर सातबारा आणि मालकाची सही. शेवटी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. तीन-साडेतीन फुटांवर 80 मिमीचे पाईप घातले, ओढ्यापर्यंत पाणी न्यायला शेजाऱ्याचा बांध उकरावा लागला, त्याचे पाय धरले ते वेगळंच. पहिले पंधरा दिवस पाईपच्या तोंडातून पडणारं पाणी जिभेला लावलं तर समुद्राचं वाटायचं. पण तिसऱ्या वर्षी एकरी 42 टन गेला. काकांनी पावती बघितली, कौतुक केलं आणि पाडव्याला म्हणाले, पोरगा वर्क फ्रॉम होम करतोय, तोच बघील आता. पाईपचं काय म्हटलं तर हसून, "उपसून ने की."

कुळाने केलेल्या सुधारणेची भरपाई कायद्यात लिहिलेली आहे असं वकील सांगतात. असेल. पण त्यासाठी आधी मी कागदावर कूळ पाहिजे ना! 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कसणारी कुळं मालक झाली आणि जमिनी गेल्या, ते आमचे मालक लोक अजून विसरलेले नाहीत, त्यामुळे कागद म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करतात. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाईलवरच्या सरकारी पीक नोंदीचा फोटो मी काढायचा, नाव त्यांचं लागायचं. 2016 साली केंद्राच्या नीती आयोगाने राज्यांसाठी शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याचा मॉडेल (नमुना) कायदा काढला, त्यात खंड संपताना उरलेल्या गुंतवणुकीचे पैसे करणाऱ्याला मिळावेत असं होतं. आमच्या गावात त्याचा वारासुद्धा लागलेला नाही. आणि तुमचे तज्ज्ञ म्हणतात शेतकरी उदासीन आहे! तीन वर्षांच्या तोंडी बोलीवर वीस-पंचवीस वर्षं टिकणारे पाईप कोण घालतं हो? मी घातले, आता गावात मलाच येडा म्हणतात.

 

आणि एक राहिलं. पाण्याने मेलेल्या जमिनीच्या लेखाला भेगाळलेल्या दुष्काळी रानाचा फोटो कुणी लावला? आमच्या रानाला भेगा पडल्या असत्या तर पेढे वाटले असते. फोटो पाहिजे असेल तर मी पाठवतो, फुकट.

पत्र छापलंत तर नाव आणि गाव घालू नका. काका पुण्यात तुमचाच पेपर वाचतात आणि ओढ्याकडंचं त्यांचं एक एकर अजून माझ्याकडं आहे.

आपला,
एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली