नातवाचं नाव वुक?

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सर्बियन विहीणबाई येणाऱ्या बाळाचं नाव 'वुक' ठेवा म्हणतात, म्हणून तू त्यांच्याशी अबोला धरू नकोस. वुक म्हणजे लांडगा, हे खरंच. आपल्या संस्कृतातला 'वृक' तोच. वृकोदर भीम आठव. पण सर्बियात हे नाव लांडग्याच्या कौतुकापोटी रूढ झालेलं नाही.

सर्बियन लेखन सुटसुटीत करणारे वुक काराजिच (जन्म १७८७) यांनी १८१८च्या आपल्या शब्दकोशात याचं कारण दिलंय. जिची मुलं जगत नाहीत, ती बाई मुलाचं नाव वुक ठेवते. तान्ही मुलं चेटकिणी खातात अशी समजूत; पण लांडग्याच्या वाटेला जायची त्यांची छाती होत नाही. आपलंही नाव असंच पडलं, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलंय. त्यांच्या आधीची भावंडं दगावली होती.

आता आपल्या घरात बघ. माझे पणजोबा धोंडू. आधीची पोरं पाळण्यातच गेली, म्हणून हा धोंडा. दगडाला कोण दृष्ट लावणार? गावात दगडू होते, केरबा होते. केरबा म्हणजे केरावर ठेवून परत उचललेलं पोर. आपण मूल कवडीमोलाचं दाखवून वाचवलं, त्यांनी दात दाखवून. खरं सांगू, मला त्यांची तऱ्हा जास्त पटते.

तिकडची, म्हणजे स्लाव्ह भाषांतली, सगळीच नावं काही अशी भीतीतून आलेली नाहीत. चेक आणि पोलिश राज्यकर्त्यांचं 'बोलेस्लाव' म्हणजे मोठ्या कीर्तीचा. आपल्या महाभारतातला भूरिश्रवा अर्थाने त्याचाच जुळा. 'स्लावा' आणि 'श्रवस्' दोन्ही म्हणजे कीर्ती, आणि दोन्ही एकाच मुळाचे. जावईबापूंचं 'नेनाद' म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेला. (आमच्याकडेही ते तसेच आले, हे त्यांना सांगू नकोस.) 'मिलान' तुला आवडलंय, पण ते आपलं 'मिलन' नव्हे. त्यातला 'मिल' म्हणजे लाडका. नाव गोड आहे, पण इथे प्रत्येकाला समजावत बसावं लागेल.

मुलगी झाली तर मात्र माझं मत 'वेस्ना'ला. वसंताच्याच मुळाचं नाव, आणि तुझ्या आईलाही नीट उच्चारता येतं.

मुलगा झाला तर कागदोपत्री वुक लावा, माझी हरकत नाही. घरात मी त्याला धोंडोपंतच म्हणणार.

तुझा,
बाबा