खडकीच्या टूलरूममधील काकांस आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जुन्या बाजारातून आणलेल्या लाकडी पेटीतील गंजलेले पोलादी तुकडे म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दारूगोळा आणि रायफली तपासण्याची मापे आहेत, हे आपण ओळखलेत, आणि ती मूळ मोल न गमावता कशी जपावीत हेही आपण शिकवलेत. त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न ठेवता सर्वांसमोर ठेवतो आहे, कारण अशा पेट्या अजूनही भंगारात वजनावर विकल्या जातात आणि त्या विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्यासारखे कोणी भेटत नाही.

पेटी समोर येताच आपण सर्वप्रथम तिच्यात जिवंत काडतूस, काडतूस पेटवणारी स्फोटक टोपी किंवा दारूचा अंश नाही याची खात्री करून घेतलीत आणि तोवर मला कशालाही हात लावू दिला नाहीत. संशय येईल अशी एकही वस्तू दिसली, तर ती न हलवता पोलिसांना कळवायचे आणि ‘जुनी आहे, आता काय होणार’ असा विचार मनात आणायचा नाही, हे आपण ज्या ठामपणे सांगितलेत, तो ठामपणा या छंदात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी यायला हवा.

ओळख पटवण्याची आपली पद्धत मला विशेष भावली. वस्तूच्या आकारावरून तर्क लढवण्याआधी आपण भिंगाखाली ठसे वाचलेत. रुंद बाण आणि त्याखाली आय हे अक्षर म्हणजे स्वातंत्र्यपूर्व भारत सरकारची मालमत्ता. त्याशेजारी १९४३ हे साल, आणि दोन चकत्यांवर ०.०६४ व ०.०७४ हे आकडे. हे आकडे वाचल्याबरोबर आपण ‘ली-एनफिल्ड रायफलीची हेडस्पेस गेजेस’, म्हणजे काडतुसामागची जागा तपासण्याची मापे, असे म्हणालात आणि मग त्यामागचे कारण सांगितलेत. या रायफलीच्या .३०३ इंची काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते आणि तीच काडतुसाला नळीच्या मागच्या तोंडाशी अडवून धरते. त्यामुळे बोल्टचा, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या दांड्याचा, चेहरा आणि नळीची बैठक यांच्यामधील जागा त्या कडेच्या जाडीशी जुळावी लागते. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ वर होता कामा नये. या दोहोंतील फरक अवघा पाव मिलिमीटर आहे, पण जागा त्याहून सैल झाली तर पितळी पुंगळी ताणून फाटू शकते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने मागे येतो. ली-एनफिल्डच्या चार क्रमांकाच्या रायफलीसाठी ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्ट-डोकी होती आणि ती बदलून ही जागा दुरुस्त करता येत असे, हेही आपल्याकडूनच कळले.

त्याच पेटीतील जाड पोकळ नळकांडे म्हणजे अख्खे काडतूस आत सोडून तपासण्याचे गेज आहे, हे कळल्यावर मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. ‘गो’ गेजने, म्हणजे चांगला नग ज्यातून जायलाच हवा अशा गेजने, सर्व मापे एकत्र तपासावीत आणि ‘नो गो’ने, म्हणजे ज्यातून तो जाता कामा नये अशा गेजने, एकेक माप वेगळे तपासावे, हे विल्यम टेलर यांनी १९०५ साली मांडलेले तत्त्व मी पॉलिटेक्निकच्या मुलांना फळ्यावर शिकवत आलो आहे, ते तत्त्व पोलादात उतरलेले आता त्यांच्या हातात देता येईल.

मात्र पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू मला कधीच ओळखता आली नसती. पत्र्याच्या डबीतील तांब्याच्या छोट्या कांड्या सळईचे कापलेले तुकडे वाटत होत्या. त्या दाब मोजण्याच्या कांड्या होत्या. चाचणीच्या नळीत दट्ट्याखाली अशी कांडी ठेवायची, गोळी झाडायची, आणि कांडी किती आखूड झाली ते मायक्रोमीटरने मोजून तक्त्यावरून दाब काढायचा. अँड्र्यू नोबल यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली ही रीत महायुद्धातही चालूच होती, कारण .३०३ च्या काडतुसात चौरस इंचावर सुमारे १९ टन दाब निर्माण होतो आणि तो इतक्या अल्पकाळ टिकतो की साध्या घड्याळी दाबमापकाला त्याची नोंदच घेता येत नाही. डबीतील एक कांडी मधोमध ढोलकीसारखी फुगलेली होती. ती प्रत्यक्ष चाचणीत दाबली गेलेली आहे हे आपण दाखवलेत, आणि तिला चिंच किंवा लिंबू लावून चकचकीत केले तर लांबी बदलेल व तिच्यातील नोंदच पुसली जाईल, अशी ताकीद दिलीत.

दुरुस्तीविषयीचा आपला सारा आग्रह याच विचारातून आलेला आहे. विक्रीसाठी मांडलेली कितीतरी जुनी गेजेस पॉलिश पेपरने घासून आरशासारखी केलेली मी पाहिली आहेत; त्यांवर माप छापलेले असते, पण ते माप त्यांच्यात उरलेले नसते. आपण रॉकेलमध्ये भिजवून लाकडी काडीने गंज सैल करण्यास सांगितलेत. ॲसिडला आपण सक्त मनाई केलीत, कारण कडक केलेले पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकते. ज्योत दाखवण्यालाही, कारण उष्णतेने त्याची कडकाई उतरते. मोजण्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे राहिले तरी राहू द्यावेत, असे आपण म्हणालात. ‘गो’च्या बाजूवरची झीज पाहून तर आपण थांबलातच. प्रत्येक चांगला नग त्या बाजूवरून जातो, म्हणून ती झिजते, तर ‘नो गो’ची बाजू जवळजवळ कोरी राहते. ही झीज म्हणजे गेज खरोखर कामावर होते याचा पुरावा आहे, तिला दोष समजून काढून टाकू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटले आहे.

मोजणीच्या दिवशी आपण घाई करू दिली नाहीत, याचेही आभार. गेजेस, स्लिप गेजेस (अचूक जाडीच्या प्रमाण पोलादी ठोकळ्या) आणि मायक्रोमीटर एकाच सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या सपाट पाटावर, रात्रभर ठेवून सकाळच्या गारव्यात मोजायला लावलेत. प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असताना पुण्यातील ३८ अंशांच्या दुपारी एक इंच पोलाद सुमारे दोन दशांश थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढते, आणि हातात धरून ठेवले तर आणखी. हा हिशेब आपण कागदावर मांडून दाखवलात. त्या मोजणीचे सर्व आकडे आपल्या अक्षरात वहीत आहेत.

आता गेजेसना तेलाचा पातळ थर दिला असून ती सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवली आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे मूळ लाकडी पेटी वेगळी जपली आहे, कारण लाकडातून निघणारी आम्लाची वाफ धातूला बाधते. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या के एफ ठशाची काडतुसे याच प्रकारच्या गेजांतून गेली असणार. म्हणून मुलांसाठी लावायच्या माहितीपत्रकात त्या कारखान्याविषयी एक परिच्छेद घालत आहे. तो छापण्याआधी आपण एकदा वाचून द्यावा आणि मोजणी करणाऱ्याच्या रकान्यात आपले नाव लिहिण्यास संमती द्यावी, एवढी नम्र विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
मापनशास्त्राचा एक शिक्षक, पुणे