लेकीचा ग्राफ्ट तिला निवडू देणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

लेकीच्या गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे हाडांना एकत्र धरणारं एक लिगामेंट, तुटल्याचं कळलं तेव्हा आम्हाला एवढंच विचारायचं होतं, ऑपरेशन कधी? नवीन लिगामेंट कशापासून बनवायचं, म्हणजे ग्राफ्ट कोणता घ्यायचा, हेही ठरवावं लागतं, हे तुमच्या खोलीत कळलं. तिथे तुम्ही जो वेळ दिलात त्याचे आभार जाहीरपणे मानावेसे वाटले.

‘तिच्या अंगातलं कशाला काढता, दात्याचा टेंडन बसवा’ (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) असं एका हितचिंतकांनी सुचवलं होतं. एक जखम वाचते, त्यामुळे मलाही पटलं होतं. सतरा वर्षांच्या खेळाडूत असा ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका स्वतःच्या टेंडनपेक्षा बराच जास्त, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत आणि तो विषय मिटला.

मग मला बाजूला ठेवून तुम्ही थेट तिच्याशीच बोलू लागलात (तेव्हा जरा लागलं, खरं सांगते). व्हॉलीबॉलमध्ये कुठे खेळतेस? गुडघ्यांवर किती पडतेस? मग तिच्याच अंगातले तीन पर्याय समजावलेत. वाटीखालच्या टेंडनला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, ते हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर जुळतात. तरुण खेळाडूंत तो भरवशाचा, पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या टेंडनच्या, ग्राफ्टमध्ये ते दुखणं कमी, मात्र गुडघा पूर्ण मुडपतानाची ताकद थोडी घटते. शिवाय बारीक चणीच्या मुलीत तो किती जाड भरेल हे काढल्यावरच नक्की कळतं, आणि ८ मिमीपेक्षा बारीक भरला तर तुटायची भीती वाढते. वाटीवरचा क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा, टेंडन चांगला जाड, गुडघे टेकायलाही कमी त्रासाचा. पण मांडीची ताकद परत आणताना घाम निघतो. त्याचा दीर्घकाळचा अनुभव बाकी दोघांइतका गाठीशी नाही, हेही तुम्ही आपणहून सांगितलंत. आमची लिबेरो, म्हणजे फक्त बचावाला खेळणारी. बॉलमागे जमिनीवर झेपावणं हेच तिचं काम. तिने क्वाड्रिसेप्स निवडला.

पुढे गुडघा ठणठणीत वाटू लागल्यावर तिने सामन्याचा हट्ट धरला. नऊ महिने आणि दोन्ही पायांच्या ताकदीची चाचणी, यातलं काहीच तुम्ही सोडलं नाहीत. ग्राफ्ट आत अजून मुरतोय हे बाहेरून कळत नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणून तिने ऐकलं. माझं ऐकलं नसतं.

चाचणीला ती एकटीच येणार आहे, प्रश्नांची भलीमोठी यादी घेऊन. त्या दिवशी तिच्यानंतरचा पेशंट थोडा उशिराचा ठेवा.

तुमची आभारी,
एका लिबेरोची आई